गावी गेलं की नेट बंद: वर्षाच्या चार खेपांसाठी ठेवलेल्या सिमचं करायचं काय?

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, दुपारची गोष्ट. कडब्याच्या कोपीत पांडव पुजून झालेले, चर शिंपून झाला, भज्जीची पातेली उघडलेली, आंबिलीचं मडकं फिरतंय आणि मी बांधावर फोन आभाळाकडं धरून उभा. अडीचला ऑफिसचा वीस मिनिटांचा कॉल होता. आदल्या रात्री पुण्याहून निघण्याआधी गावाकडच्या सिमवर डेटाचं रिचार्ज मारलं होतं. पैसे कापल्याचा मेसेज होता. रेंजच्या चारही काड्या भरलेल्या. नेट मात्र शून्य.

चुलतभाऊ म्हणाला, "टावरच गेला असंल, दादा." आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "पैसे नीट भरलास का?" मी चिडलो. मेसेज दाखवला. नंतर कळलं की आप्पांचंच बरोबर होतं. पैसे भरले होते, पण नीट नव्हते भरले.

आमचं गाव औसा तालुक्यात. पुण्यात माझं जे सिम चालतं ते गावात पारापर्यंत येतं आणि घरात शिरताना जीव सोडतं. म्हणून चारेक वर्षांपूर्वी दुसऱ्या कंपनीचं एक प्रीपेड सिम घेतलं, फक्त गावासाठी. बिल नाही, बांधिलकी नाही, लागेल तेव्हा रिचार्ज मारायचं. वर्षातून माझ्या चार खेपा ठरलेल्या: पाडवा, महालक्ष्म्या, दिवाळी, येळवस. आणि जवळजवळ प्रत्येक खेपेला नेट बंद. दर वेळी मी टॉवरला शिव्या घातल्या. मग एकदा बसून सगळ्या खेपा आठवल्या, तर टॉवरचा दोष दोनदाच निघाला. बाकी सगळा घोळ तारखेचा, फोनचा, नाहीतर आमच्या माळवदाचा.

नांदेड, परभणी, बीड, जालना, कुठंही गाव असलेल्या आणि पुण्या-मुंबईत राहणाऱ्या माणसाला हे लागू पडेल, म्हणून लिहितो.

आधी एक साधा फोन लावून बघा

सेटिंगमध्ये हात घालायच्या आधी हे करा. त्याच सिमवरून शेजारी बसलेल्या माणसाला फोन लावा. व्हॉट्सअॅपवरून नाही, साधा.

बाई रेकॉर्डमधून रिचार्ज करायला सांगत असेल तर नेट शोधू नका, तुमची मुदत संपली आहे. फोन लागला, बोलणं झालं, पण नेट नाही, तर सिम जिवंत आहे आणि गडबड डेटाची किंवा फोनची आहे. आणि वर 'फक्त इमर्जन्सी कॉल' असं दिसत असेल तर एक तर सिम बंद झालंय, नाहीतर त्या कंपनीचा टॉवर त्या जागी पोचत नाही. यातलं नेमकं काय ते कळायला गावात त्याच कंपनीचं सिम असलेला दुसरा माणूस गाठायचा. त्याचं चालतंय आणि तुमचं नाही, म्हणजे तुमचं सिम गेलं.

हे करायला एक मिनिट लागतं. मी तीन वर्षं केलं नाही.

काड्यांवर विश्वास ठेवू नका, हेही इथंच सांगतो. काड्या टॉवर किती जवळ ऐकू येतो ते सांगतात. तुमच्या खात्यात काय आहे ते टॉवरला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि काड्या ते विचारत नाहीत.

तारीख

येळवशीला माझं झालं ते असं. मी मारलेलं रिचार्ज डेटा व्हाउचर होतं, म्हणजे नुसतं नेट देणारं, सिमची मुदत न वाढवणारं. बहुतेक डेटा व्हाउचर मूळ प्लॅनच्या खांद्यावर बसतात. मूळ प्लॅनची मुदत चालू असेल तरच ती चालतात. माझा मूळ प्लॅन केव्हाच संपला होता. म्हणजे मी बैल नसताना नांगराला तेल घातलं. कंपनीनं पैसे घेतले, मेसेज पाठवला, आणि व्हाउचर खात्यात पडून राहिलं. मग चुलतभावाच्या नेटवरून मूळ प्लॅन मारला, फोन बंद करून चालू केला, आणि दोन मिनिटांत व्हाउचरही जागं झालं. तोवर कॉल संपला होता.

तेव्हा रिचार्ज मारताना पॅकच्या खालचं बारीक लिहिलेलं वाचा. 'मुदत: सध्याच्या प्लॅनइतकी' किंवा 'चालू प्लॅन आवश्यक' असं असेल तर आधी मूळ प्लॅन. फाट्यावरच्या मोबाईल शॉपीत मारत असाल तर नुसतं "नेटचं मार" म्हणू नका. तो पोरगा दिवसाला शंभर रिचार्ज मारतो, तुमची मुदत संपलीय की नाही हे त्याला ठाऊक नसतं. "मुदत बघून मूळ प्लॅनच मार" असं सांगा.

आता मोठा घोळ. मी चार खेपांना चार रिचार्ज मारायचो. २८ दिवसांचे चार, म्हणजे वर्षातले ११२ दिवस सिम जिवंत. कागदावर हिशोब छान दिसतो. पण पंचांग घेऊन बसा. महालक्ष्म्यांनंतर दिवाळी दीड-दोन महिन्यांत येते, दिवाळीनंतर येळवस तेवढ्यातच, येळवशीपासून पाडवा तीन महिन्यांवर. पाडव्यापासून महालक्ष्म्या मात्र पाच महिने लांब. २०२५ चंच बघा. पाडवा ३० मार्चला होता, महालक्ष्म्या ३१ ऑगस्टला आल्या. २९ मार्चला मारलेलं २८ दिवसांचं रिचार्ज एप्रिलच्या शेवटी संपलं, आणि पुढचे सव्वाशे दिवस सिम डब्यात. माझं सिम दर वर्षी मरायचं ते नेमकं याच पट्ट्यात, आणि मला वाटायचं की महालक्ष्म्यांच्या पावसात टॉवर बिघडतो.

ट्रायचा, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, २०१३ पासूनचा नियम असा आहे की सलग ९० दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही, म्हणजे फोन नाही, एसएमएस नाही, डेटा नाही, तर कंपनी ते बंद करू शकते. पण मेन बॅलन्समध्ये २० रुपये किंवा जास्त असतील तर लगेच बंद करता येत नाही. २० रुपये कापून ३० दिवस वाढवून द्यावे लागतात, आणि बॅलन्स असेपर्यंत हे चालू राहतं. बंद झाल्यावरही नंबर परत मिळवायला १५ दिवसांची सवलत असते. म्हणजे पाडव्याला परत निघताना टॉकटाइमचं शंभराच्या आतबाहेरचं टॉप-अप करून ठेवलं तर नंबर महालक्ष्म्यांपर्यंत तग धरतो. टॉकटाइमचंच बरं का, डेटाचं नाही. यानं नंबर वाचतो एवढंच. नेट चालत नाही, मुदत संपली की जाणारे फोन बंद होतात आणि पुढं येणारेही. गावी जाताना मूळ प्लॅन मारावाच लागतो.

हा नंबर बँकेला किंवा आधारला जोडला असेल तर मात्र डब्यात ठेवून झोपू नका. बंद झालेला नंबर ९० दिवस तरी दुसऱ्याला देत नाहीत, पण त्यानंतर देतात. मग तुमच्या खात्याचा ओटीपी कुण्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजेल. यूपीआयचंही तसंच. नव्या फोनवर ते सुरू करताना सिमवरून एक एसएमएस जावा लागतो, आणि मुदत संपलेल्या सिमवरून एसएमएस जात नाही. लातूरच्या स्टँडवर उभं राहून हे कळणं फार वाईट.

२८ दिवसांच्या महिन्यानं वर्षाला तेरा रिचार्ज होतात हे आता पोरासोरांनाही माहीत आहे. २०२२ मध्ये ट्रायनं सांगितलं की प्रत्येक कंपनीनं ३० दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवायचा, आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणाराही एक. ते असतात, पण अॅपमध्ये पहिल्या पानावर नसतात, खाली जावं लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक चांगलं झालं: डेटा नको असलेल्यांसाठी फक्त बोलण्याचा आणि एसएमएसचा प्लॅन ठेवायला लावला, आणि अशा विशेष व्हाउचरची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. त्यानंतर वर्षभराचे बोलण्याचे प्लॅन सतराशे-अठराशेच्या घरात आले. त्यातही एक मेख होती. 'वर्षाचा' वाटणारा एखादा प्लॅन ३३६ दिवसांचाच असायचा, म्हणजे २८ गुणिले १२. दिवस मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

पण पंचवीस दिवसांच्या नेटसाठी वर्षाला अठराशे? मला ते पटलं नाही. त्याचं मी काय केलं ते शेवटी सांगतो.

मुदत आहे, फोन लागतो, तरी नेट नाही

इथं ऐंशी टक्के वेळा, हा माझा अंदाज, फोनच दोषी असतो. दोन सिमच्या फोनमध्ये मोबाईल डेटा कोणत्या सिमवर ठेवलाय ते बघा. मी एकदा सिम दोनवर रिचार्ज मारून तासभर सिम एकवर नेट शोधत होतो. हसू नका, तुम्हीही केलं असेल.

काड्यांशेजारचं अक्षर बघा. ४जी किंवा एलटीई असेल तर ठीक. नुसता इंग्रजी 'ई' असेल तर काड्या कितीही भरलेल्या असोत, फोन २जीवर आहे आणि त्यावर पानही उघडणार नाही. नेटवर्क मोड कुणीतरी बॅटरी वाचवायला २जीवर ठेवलेला असतो, किंवा व्होएलटीई, म्हणजे ४जीवरूनच बोलायची सोय, बंद असते आणि फोन आला की हँडसेट खाली घसरतो, मग वर यायचं विसरतो. मोड ४जी किंवा ५जी ऑटोवर, व्होएलटीई चालू, आणि अर्धा मिनिट विमान मोड. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. जिओला २जी-३जी नाहीच, त्यामुळं त्या सिमला मोड चुकला तर काड्याच जातात.

एपीएन, म्हणजे फोननं कंपनीच्या नेटला कुठून जोडायचं ते सांगणारं नाव, हा प्रकार नव्या सिमला किंवा जुन्या हँडसेटला छळतो. ते आपोआप येतं, पण कधी येत नाही. मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट नावाचं पान असतं. तिथं जिओसाठी जिओनेट, एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता. बाकीचे रकाने मोकळे ठेवा, सेव्ह करा, आणि यादीतल्या त्या नावावर टिचकी मारून ते निवडा. ही शेवटची टिचकी लोक विसरतात.

देगलूर, धर्माबाद, उमरगा, निलंग्याचा खालचा भाग, किनवट-माहूरचं रान, इथल्या लोकांसाठी एक वेगळी गंमत आहे. फोन कधी तेलंगणाचा, कधी कर्नाटकचा टॉवर पकडतो. आपल्या देशात कंपन्यांचे सर्कल वेगळे. पुणे, लातूर, नांदेड एकाच महाराष्ट्र सर्कलमध्ये, पण सीमेपलीकडचा टॉवर दुसऱ्या सर्कलचा. काही फोन त्याला रोमिंग समजतात, वर 'आर' दाखवतात, आणि डेटा रोमिंगचं बटण बंद असेल तर नेट थांबवतात. बोलणं मात्र चालू. बटण चालू करा. देशात त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. ज्यांच्या वावराचा एक बांध कर्नाटकात आहे त्यांनी हे बटण कायमच चालू ठेवावं.

बीएसएनएल घेतलं असेल तर दोन गोष्टी. त्यांचं ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर जाहीर झालं, पण तुमच्याकडं जुन्या काळातलं सिम असेल तर ते देऊन आधी ४जीचं सिम घ्यावं लागतं. आणि हे ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. बँड म्हणजे लहरींचा पट्टा, आणि ७०० म्हणजे बँड २८. जुन्या बऱ्याच हँडसेटमध्ये तो बँडच नाही. शेजारच्याला ४जी दिसतं आणि तुम्हाला दिसत नाही, तर सिम बदलण्याआधी फोनच्या माहितीत बँड २८ आहे का ते बघा.

आणि एक, ज्यानं माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. फोनमध्ये दोन सिम, पहिलं पुण्याचं, दुसरं गावाचं. लॅपटॉप दुसऱ्या सिमच्या हॉटस्पॉटवर. सगळं छान. आणि मधेच नेट तुटायचं, चार-पाच मिनिटांनी आपोआप यायचं. दोन खेपा मी याचं कारण शोधलं. माझ्या पहिल्या सिमवर फोन आला आणि मी बोलायला लागलो की दुसऱ्या सिमचं नेट थांबतं. साध्या दोन-सिमच्या हँडसेटमध्ये रेडिओ एकच, दोन्ही सिम त्याच्यासमोर रांगेत उभी असतात. नव्या फोनमध्ये 'कॉल चालू असताना डेटा' अशी सोय असते, ती शोधून चालू करा. नसेल तर कामाच्या वेळी पहिलं सिम बंद ठेवा, नाहीतर हॉटस्पॉट दुसऱ्याच फोनवरून घ्या.

सकाळी सुसाट, दुपारी मुंगी

रोज दीड जीबीचा प्लॅन आहे, सकाळी नऊला लॅपटॉप जोडला, दहाला सगळं ठप्प. फोनवर व्हॉट्सअॅपची अक्षरं तेवढी जातात. ही रोजच्या कोट्याची लक्षणं. कोटा संपला की नेट तुटत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगानं एक एमबी यायला दोन मिनिटं लागतात, म्हणजे गावच्या सोयाबीनचा पाच एमबीचा फोटो पाठवायला दहा मिनिटं. मध्यरात्री बाराला कोटा पुन्हा भरतो. बाराच्या ठोक्याला नेट जागं होत असेल तर निदान पक्कं.

खाणारा कोण? बहुधा लॅपटॉप. शहरात तो वायफायवर राहून बेफिकीर झालेला असतो. हॉटस्पॉट मिळाला की त्याला वाटतं घरीच आलो, आणि विंडोजचे अपडेट, फोटोंची क्लाउडवरची प्रत, ऑफिसच्या फोल्डरची जुळवाजुळव, सगळं एकदम सुरू करतो. लॅपटॉपवर त्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे नेट जपून वापरायची खूण, चालू करा. ही एक खूण केली आणि माझा दीड जीबी सकाळच्या तासावरून संध्याकाळपर्यंत गेला. फोनवरही प्ले स्टोअरचे अपडेट फक्त वायफायवर ठेवलेले असतात, पण पुतण्याचा फोन तुमच्या हॉटस्पॉटला वायफायच समजतो. पासवर्ड पोरांना देऊ नका. दिलात तर दुसऱ्या दिवशी बदला. वाईट वाटून घेऊ नका.

माळवद, पत्रे आणि लाईट

आमचं घर जुनं. भिंती दगड-मातीच्या, हातभर जाड, वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचं माळवद. उन्हाळ्यात याच्यासारखं सुख नाही. पण मोबाईलच्या लहरींसाठी ही गढीच. लहरी जितक्या उंच वारंवारतेच्या तितक्या भिंतीत लवकर मरतात. २३०० मेगाहर्ट्झवाली दारातच थांबते, ७००-८५०-९०० वाली आत शिरते. म्हणून एका कंपनीचं सिम अंगणात सुसाट आणि माजघरात मेलेलं, तर दुसऱ्याचं दोन्हीकडं मध्यम, असं होतं. पत्र्याचं घर असेल तर पत्रा लहरी परतवतो. दार-खिडकीतून जेवढं येईल तेवढंच.

यावर बूस्टर, म्हणजे रेंज वाढवायचा रिपीटर, विकणारे भेटतात. घेऊ नका. परवानगीशिवाय लावलेला रिपीटर बेकायदा आहे आणि तो आख्ख्या गल्लीचं नेटवर्क बिघडवतो. त्याऐवजी हॉटस्पॉटचा फोन बाहेर, लॅपटॉप आत. मी फोन माळवदाच्या झरोक्याशी ठेवतो, पॉवर बँक जोडून, उन्हात नाही, उपरण्याच्या सावलीत. तापला की फोन स्वतःच हॉटस्पॉट बंद करतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ गीगाहर्ट्झ ठेवायचा. ५ ठेवला तर तोही भिंतीत मरतो आणि तुमची सगळी मेहनत माळवदावरच राहते. कुणी जोडलेलं नसेल तर दहा मिनिटांत हॉटस्पॉट आपोआप बंद करायची एक सेटिंग असते, ती काढून टाका, नाहीतर दर वेळी शिडी चढावी लागते. आप्पा या व्यवस्थेला 'पोरानं बसवलेला कावळा' म्हणतात.

टॉवरचा खरा दोष असतो तेव्हा तो दोन प्रकारचा. लाईट गेली की टॉवर बॅटरीवर जातो, लाईट बराच वेळ आली नाही आणि जनरेटर चालला नाही की टॉवर बसतो. गावात सगळ्यांचंच त्या कंपनीचं नेट एकदम गेलं तर हेच समजा, सेटिंगला हात लावू नका. दुसरा प्रकार सणाचा. एरवी चारशे फोन असलेल्या टॉवरवर महालक्ष्म्यांच्या रात्री आख्खं पुणं उतरतं आणि सगळे एकाच वेळी आरास दाखवायला व्हिडिओ कॉल लावतात. रात्री आठ ते दहा रांगायचं आणि पहाटे पाचला पळायचं, अशी चाल दिसली तर ती गर्दी आहे. मोठा प्लॅन मारून ती हटत नाही. मोठ्या फायली पहाटे पाठवा. गावात त्या वेळी दूध काढायला सगळे उठलेलेच असतात.

डोंगल घ्यावा का?

डोंगल म्हणजे सिम घालून नेट देणारं छोटं यंत्र. मी घेतला होता, जुन्या बाजारातून, स्वस्तात. निघाला ३जीचा, वर एका कंपनीला लॉक केलेला. एअरटेलनं २०२० पर्यंत ३जी गुंडाळलं, जिओकडं ते कधी नव्हतंच, तेव्हा असा डोंगल आता पेपरवेट. चांगला ४जी हॉटस्पॉट अनलॉक्ड मिळाला तरी त्याला सिम वेगळं, रिचार्ज वेगळं, तारीख वेगळी. वर्षातून पंचवीस दिवसांसाठी आणखी एक जनावर दावणीला बांधायचं. घरात जुना ४जी अँड्रॉइड फोन पडलेला असेल तर तोच डोंगल.

मी आता काय करतो

गावाचं सिम मी बंद होऊ दिलं. मायचा फोन होता दुसऱ्याच कंपनीवर, जिचं नेट आमच्या घरात कधी धड येत नव्हतं. तिला नेटशी घेणं नव्हतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. तो नंबर पोर्ट केला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. मायच्या सिमवरून १९०० ला इंग्रजीत पोर्ट, एक जागा, आणि नंबर असा एसएमएस पाठवला, आलेला कोड चार दिवसांच्या आत शॉपीत दाखवला, मायचं आधार, अंगठा, झालं. नंबर आहे त्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात, ते केव्हाच झाले होते. पोर्ट करायच्या आधी गावात नव्या कंपनीचं सिम असलेल्या तिघांना घरी चहाला बोलावलं आणि त्यांचे फोन माजघरात, ओसरीवर, माळवदावर फिरवून पाहिले. कंपन्यांनी आता संकेतस्थळावर आपापले कव्हरेजचे नकाशे टाकलेले असतात, ते बघा, पण नकाशाला तुमच्या भिंतीची जाडी माहीत नसते.

सिम मायच्याच नावावर आहे, माझ्या नाही. तिच्या नावावर किती सिम आहेत तेही एकदा सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर पाहून घेतलं. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ चालतात. दोनच निघाली, त्यातलं एक कुणाचं ते तिलाही आठवेना, ते बंद करायला टाकलं.

आता माय रोज माझ्या बहिणीशी, मावशीशी, देवळातल्या भजनी बायांशी बोलते, म्हणून तिचं रिचार्ज महिन्याच्या महिन्याला होतंच. मीच पुण्याहून मारतो, तो खर्च माझा. मुदत कधी संपत नाही, नव्वद दिवसांची धास्ती नाही. गावी गेलो की तिच्याच नंबरवर हवं तेवढं डेटा व्हाउचर टाकतो, आणि मूळ प्लॅन चालू असल्यानं ते टाकल्या क्षणी चालतं. हॉटस्पॉटचा पासवर्ड मला आणि मायला ठाऊक. पुतण्याला नाही.

अडचण एकच राहिलीय. कॉल अडीचला असतो, आणि सव्वादोनला माय फोन कमरेला खोचून म्हशीकडं जाते.